भाताचं तूस की काथ्याचा भुसा? धातू मिसळलेल्या पाण्यासाठी काय निवडाल

कोकणात दोन्ही माल हाताशी असतात: भातगिरणीमागे तूस, काथ्याच्या कारखान्याबाहेर भुसा. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) छोट्या वर्कशॉपचं धुण्याचं पाणी किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं सांडपाणी यातल्या कशातून गाळावं, असा प्रश्न असेल तर माझा कल तुसाकडे आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र दोन्ही नकोत. तिथे आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे आणि घरगुती गाळणीच्या भरवशावर ती पाळता येत नाही.

धातू धरण्यात भुसा सरस, हे मान्यच करायला हवं. त्यातलं लिग्निन आणि टॅनिन (वनस्पतींमधली नैसर्गिक द्रव्यं) शिसं, तांबं, कॅडमियम चांगलं पकडतं. कच्च्या तुसावर सिलिका आणि मेणाचं कवच असतं, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतं आणि धातूही फारसा धरत नाही.

तरीही भुसा मागे पडतो तो रंगामुळे. चार पाण्यांनी धुतला तरी रात्रभर भिजवून ठेवला की सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. त्या पाण्याचा सीओडी (सेंद्रिय प्रदूषण मोजणारा आकडा) वाढतो आणि रंगावरून धातू मोजणारा टेस्ट किट फसतो. क्रोमियममध्ये तर घोटाळा आणखी मोठा: आम्लधर्मी पाण्यात टॅनिन सहा-संयुजी (जास्त विषारी) क्रोमियमचं तीन-संयुजी (कमी विषारी) करतं. चाचणीत वापरतात त्या डायफेनिलकार्बाझाइड या रसायनाचा जांभळा रंग फक्त सहा-संयुजीला येतो, म्हणून चाचणीत 'शून्य' दिसतं आणि क्रोमियम पाण्यातच असतं. तुसातही हे थोडंफार होतं, पण निदान पाणी बरंच स्वच्छ असल्याने तपासणी नीट करता येते. क्रोमच्या पाण्यात दोन्हीसाठी एकूण क्रोमियमच मोजून घ्या, आणि ते पाणी निकेलच्या पाण्यात मिसळू नका. सहा-संयुजी क्रोमियम धरायला पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) २ च्या आसपास लागतो, तर निकेल-शिशाला ५ ते ६.

भुशाची दुसरी खोड म्हणजे तो फुगतो. पाइपमध्ये भरला की गच्च बसतो आणि धार थेंबांवर येते. जाड वाळू मिसळून थोडा फरक पडतो, इतकंच.

तुसाचं ते कवच काढायला तयारी लागते, पण ती एकदाच. १ किलो तूस धुऊन १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात रात्रभर बुडवा. वर जाळी आणि वजन ठेवा, नाहीतर वर येईल. हातमोजे आणि चष्मा हवाच. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. मग पीएच ७ येईपर्यंत धुवा. इथे घाई केली तर पुढे पाण्याचा पीएच चढतो, धातू हायड्रॉक्साइड होऊन पाइपमध्येच साका बसतो आणि तुसाने काम केलं असा भास होतो. धुण्याचं पाणी गटारात सोडण्याआधी आम्लाने उदासीन करा.

४ इंची पीव्हीसी पाइपमध्ये दोन फूट थराला अर्धा किलोच्या आसपास तूस बसतं. दोन्ही टोकांना जाळी लावून पाणी खालून वर चढवा, तासाला ५ लिटरच्या वर नको. वरून सोडलं तर ते एकाच वाटेने निसटतं.

काजूची टरफलंही भरपूर मिळतात, पण त्यांचं तेल कातडी भाजतं. कोळसा केल्याशिवाय हात लावू नये.

बादलीत ढवळून थोडंसंच पाणी साफ करायचं असेल आणि रंगाची पर्वा नसेल, तर भुसा घ्यायला हरकत नाही. पाइप लावणार असाल तर तूसच बरं. वापरलेलं काहीही चुलीत, गोठ्यात किंवा खतात जाता कामा नये. ते घातक कचरा म्हणून अधिकृत ठिकाणीच पाठवावं लागतं. ती सोय लागल्यावरच पाइप बसवा.