एचडी सेट-टॉप बॉक्सला कोणती वायर लावावी? एकाच बॉक्सच्या तीन जोडण्यांचे परीक्षण

आमच्या पुण्याच्या घरी केबलचा एचडी सेट-टॉप बॉक्स बसवायला आलेल्या मुलाने दहा मिनिटांत काम उरकले. जुन्या बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर टीव्हीच्या मागे आधीपासून लोंबत होतीच. तीच त्याने नव्या बॉक्सला खोचली, चित्र आले, आवाज आला, त्याने कागदावर सही घेतली आणि तो गेला. खोक्यातली एचडीएमआय केबल प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच राहिली. पुढचे चार महिने आम्ही पैसे एचडीचे भरत होतो आणि चित्र मात्र साधेच पाहत होतो. घरात कोणाच्याही ते लक्षात आले नाही, कारण चित्र पडदाभर दिसत होते आणि वाहिनीच्या नावापुढे ‘एचडी’ ही अक्षरेही उमटत होती. एकदा शेजारच्या काकांकडे क्रिकेटचा सामना पाहायला बसलो असताना खेळपट्टीवरच्या बारीक भेगा स्वच्छ दिसल्या, आणि त्यांच्याकडे बॉक्सही आमच्यासारखाच आहे हे समजल्यावर आपल्याकडे काहीतरी चुकते आहे याची खात्री पटली.

त्यानंतर बॉक्सच्या पाठीमागच्या तिन्ही जोडण्या मी प्रत्येकी आठवडाभर वापरून पाहिल्या: पिवळ्या पिनेची एव्ही, हिरव्या-निळ्या-लाल पिनांची कॉम्पोनंट आणि एचडीएमआय. बॉक्स तोच, चाळीस इंची फुल एचडी टीव्ही तोच आणि बसायची जागाही पडद्यापासून आठ-नऊ फुटांवरची तीच ठेवली. हे परीक्षण मुख्यतः त्या तीन आठवड्यांचे आहे.

पिवळ्या पिनेबद्दल आधी लिहितो, कारण खरे नुकसान तिथेच होते. या एकाच तारेतून चित्राचा उजेड-अंधार आणि रंग अशी दोन्ही माहिती एकत्र मिसळून जाते. आपल्याकडच्या जुन्या रंगीत टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर चढवलेली असते आणि ती उजेडाच्या बारीक तपशिलाच्या अगदी अंगावर येऊन बसते. टीव्हीला या दोन गोष्टी पुन्हा वेगळ्या कराव्या लागतात, आणि ते काम कधीच पूर्ण साधत नाही. म्हणूनच बातम्या देणाऱ्याच्या बारीक चौकड्यांच्या शर्टावर नसलेले इंद्रधनुष्यी रंग खेळताना दिसतात, आणि धावफलकाच्या लाल पट्टीच्या कडेने मुंग्यांची रांग चालल्यासारखे ठिपके सरकत राहतात. एका मालिकेतल्या लग्नाच्या प्रसंगात पैठणीचा काठ पिवळ्या पिनेवर नुसता सोनेरी पट्टा वाटत होता. तोच भाग पुनःप्रसारणात एचडीएमआयवर पाहिला, तेव्हा काठावरची नक्षी आणि पदरावरचे मोर वेगवेगळे ओळखता आले.

रंगांच्या या गोंधळापेक्षाही मोठी अडचण तपशिलाची आहे. पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. बॉक्स आधी ते साध्या मापावर उतरवतो आणि मगच बाहेर सोडतो. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात, ते बरोबर पाचपट होतात. पाचांतले चार बिंदू बॉक्समध्येच टाकून द्यायचे आणि उरलेला एक टीव्हीने ताणून पडदाभर पसरायचा, असा हा व्यवहार आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१९ पासून लागू झालेल्या दरव्यवस्थेत वाहिन्यांची संख्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी धरली गेली, आणि वाहिनीचे स्वतःचे शुल्कही सहसा जास्तच असते. इतके मोजूनही ग्राहकाला साधेच चित्र मिळत असेल, तर ती गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

आता कॉम्पोनंट. ही जोडणीसुद्धा पिवळ्या पिनेसारखी ॲनालॉगच आहे, म्हणजे चित्र अंकांऐवजी विजेच्या सलग चढउतारांतून जाते, त्यामुळे मी तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. पण तिने माझा अंदाज पार चुकवला. हिरव्या तारेतून उजेड आणि निळ्या-लाल तारांतून रंगाचे दोन घटक स्वतंत्रपणे जातात, त्यामुळे ते नंतर एकमेकांपासून सोडवण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय ७२०पी आणि १०८०आय ही दोन्ही एचडी मापे या तारा पूर्ण वाहून नेतात, आणि आपल्याकडच्या एचडी वाहिन्या प्रामुख्याने १०८०आय मध्येच येतात. तत्त्वतः इथे दोनदा रूपांतर होते: बॉक्स डिजिटल चित्र ॲनालॉग करतो आणि सपाट पडद्याचा टीव्ही ते पुन्हा डिजिटल करून घेतो. या दुहेरी उठाठेवीत थोडी धार जाते हे खरे आहे. पडद्याच्या अगदी जवळ उभे राहून धावफलकाची बारीक अक्षरे पाहिली, तेव्हा त्यांच्या कडा एचडीएमआयपेक्षा किंचित मऊ दिसल्या. सोफ्यावर बसल्यावर मात्र मला, माझ्या पत्नीला आणि डोळे शाबूत असलेल्या मुलालाही हा फरक सांगता आला नाही.

त्यामुळे ‘डिजिटल की ॲनालॉग’ हा प्रश्न ज्या पद्धतीने विचारला जातो, ती पद्धतच मला आता चुकीची वाटते. मोठी दरी पिवळी पिन आणि उरलेल्या दोन जोडण्या यांच्यामध्ये आहे. कॉम्पोनंट आणि एचडीएमआय यांच्यात जे अंतर आहे ते सोयीचे अधिक आणि चित्राचे कमी आहे.

सोयीच्या बाबतीत कॉम्पोनंट नक्कीच मागे पडते. चित्राच्या तीन आणि आवाजाच्या दोन अशा पाच पिना लावाव्या लागतात, आणि त्यांत लाल रंगाच्या दोन असतात, एक चित्राची आणि एक आवाजाची. टीव्हीमागे टॉर्च धरून वाकलेल्या माणसाकडून या दोघींची अदलाबदल हमखास होते, माझ्याकडूनही झाली. निळी आणि लाल उलट लागली तर माणसांचे चेहरे निळसर पडतात, आणि फक्त हिरवीच नीट बसली असेल तर चित्र कृष्णधवल दिसते. पुष्कळ टीव्हींमध्ये हिरव्या पिनेचे भोक एव्हीच्या पिवळ्या पिनेसाठीही वापरलेले असते. तिथे रिमोटवरून योग्य इनपुट निवडला नाही तरी चित्राचा रंग असाच उडतो, आणि लोक बॉक्स बिघडला असे समजून तक्रार नोंदवतात.

आता नवा बॉक्स घेणाऱ्याला कॉम्पोनंटचा पर्याय बहुधा मिळणारही नाही. या जोडणीतून जाणाऱ्या चित्राला नक्कल रोखणारे एचडीसीपीचे कुलूप लावता येत नाही, त्यामुळे चित्रपटांच्या हक्कधारकांचा तिच्यावर पहिल्यापासून रोष होता. एचडी चित्रपटांच्या चकत्या चालवणाऱ्या ब्लू-रे प्लेअरच्या परवान्यातच अशी अट होती की २०१० नंतर बनवलेल्या यंत्रांनी ॲनालॉग तारेवर फक्त साधे चित्र द्यावे आणि २०१३ नंतरच्या यंत्रांवर ॲनालॉग चित्राची जोडणीच नसावी. बॉक्स बनवणाऱ्यांनाही तीन भोकांचा खर्च वाचवायचाच होता. माझ्याकडे ती जोडणी आहे, कारण बॉक्स जुन्या घडणीचा आहे.

एचडीएमआयचे मूळ मानक २००२ च्या डिसेंबरमध्ये आले. एकोणीस टोकांच्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही अंकरूपात जातात आणि वाटेत कुठेही रूपांतर होत नाही. चित्राच्या बाबतीत तिच्यात नाव ठेवायला मला जागा सापडली नाही. कोकणातल्या समुद्राचे दृश्य होते, त्यात लाटेच्या माथ्यावरचा फेस वेगळा आणि खालचे हिरवट पाणी वेगळे दिसले. पिवळ्या पिनेवर तिथे पांढऱ्या-करड्या रंगाचा एकच फराटा होता.

केबल महाग घ्यावी का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका दुकानात मला दोनशे रुपयांची आणि दीड हजारांची अशा दोन केबली दाखवल्या, आणि महागड्या केबलने रंग खुलतात असेही सांगितले. डिजिटल तारेत असे घडत नाही. चित्र एक तर जसेच्या तसे पोहोचते, नाहीतर त्यात पांढरे ठिपके चमकू लागतात, ते तुटते किंवा पडदा काळा होतो. मधल्यामध्ये फिके पडणे तिथे नसते. १०८०आय चे चित्र तर एचडीएमआयच्या सर्वांत खालच्या दर्जाची केबलसुद्धा नेऊ शकते. मी दोनशेचीच घेतली, दीड मीटर लांबीची, आणि बॉक्ससोबत आलेल्या केबलपेक्षा ती तसूभरही वेगळी ठरली नाही. दहा-पंधरा मीटर लांब नेण्याची गोष्ट निराळी आहे. तिथे चांगल्या केबलला पैसे मोजणे योग्य आहे.

एचडीएमआयच्या तक्रारी चित्राबाहेरच्या आहेत. बॉक्स आणि टीव्ही एकमेकांची ओळख पटवतात, तोपर्यंत दोन-तीन सेकंद पडदा काळा राहतो. बॉक्सच्या मांडणीत (सेटिंगमध्ये) चित्राचे माप ‘ऑटो’वर ठेवले असेल तर साध्या वाहिनीवरून एचडी वाहिनीवर जाताना दर वेळी हे घडते. मी ते १०८०आयवर कायम केले आणि त्रास संपला. काही एचडी वाहिन्यांवर आवाजच येईना, कारण बॉक्स आवाज डॉल्बीच्या रूपात पाठवत होता आणि टीव्हीला ते रूप समजत नव्हते. मांडणीत ‘पीसीएम’ हे आवाजाचे साधे रूप निवडल्यावर आवाज आला. या केबलला स्क्रू किंवा खटका नसतो, त्यामुळे भिंतीवरच्या टीव्हीला लावलेली जड केबल स्वतःच्या वजनाने हळूहळू ढिली होते. तिला मध्ये एक क्लिप मारून आधार द्यावा. गच्चीवरून येणाऱ्या केबलमुळे वीज कडाडताना एचडीएमआयचे भोकच जळाल्याची उदाहरणे आमच्या सोसायटीत दोन आहेत, म्हणून वळवाच्या पावसात मी बॉक्सची मुख्य वायर आणि वीज दोन्ही काढून ठेवतो.

घरात अजून जुना काचेच्या नळीचा टीव्ही असेल तर मात्र पिवळी पिनच लावावी. तो टीव्ही स्वतःच ॲनालॉग आणि साध्या मापाचा असल्यामुळे तिथे काही गमावले जात नाही. गावी आईकडे असाच एकवीस इंची टीव्ही आहे आणि त्यावरचे चित्र छान आहे. तिच्या नव्या बॉक्सला मात्र तीन पिनांऐवजी हेडफोनसारखे एकच बारीक भोक आहे. त्यासाठी बाजारातून आणलेल्या वायरीत आतल्या जोडण्यांचा क्रम वेगळा निघाला, त्यामुळे चित्र न येता नुसती घरघर ऐकू आली. अशी वायर त्याच बॉक्सच्या कंपनीची मागून घ्यावी.

आपल्या घरी काय लागले आहे हे पाहायला टीव्हीमागे वाकायचीही गरज नाही. एचडी वाहिनी लावून टीव्हीच्या रिमोटवरचे माहितीचे बटण दाबावे. बॉक्सच्या रिमोटवरचे नव्हे, कारण बॉक्स वाहिनीचे नाव सांगतो आणि टीव्ही त्याच्यापर्यंत खरोखर काय पोहोचले ते सांगतो. कोपऱ्यात ‘१०८०आय’ किंवा ‘७२०पी’ आले तर ठीक आहे. ‘पाल’ किंवा ‘५७६आय’ आले तर पिवळी पिन लागलेली आहे, किंवा बॉक्सच्या मांडणीत माप खाली ठेवलेले आहे.

या बॉक्सला मी पाचांपैकी चार गुण देईन. एक गुण ‘ऑटो’च्या काळ्या पडद्याचा कापला आहे. बसवणीच्या सेवेला दोनच देता येतात. तो मुलगा नम्र होता, वेळेवर आला होता, आणि नंतर फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा येऊन त्याने भिंतीवर केबलची क्लिपही मारून दिली. पण सही घेण्यापूर्वी ते एक बटण दाबून ग्राहकाला पडद्यावरचा आकडा दाखवण्याची शिस्त त्याच्या कार्यालयाने लावून दिली असती, तर आमचे चार महिने असे गेले नसते.