पेन्सिल सेल: जाडा की बारीक?
दुकानात पेन्सिल सेल मागितला की काका विचारणारच, जाडा का बारीक? जाडा म्हणजे डबल ए, भिंतीवरच्या घड्याळातला, साडेचौदा मिमी जाड, आणि बारीक म्हणजे ट्रिपल ए, टीव्हीच्या रिमोटमधला, साडेदहा मिमी. व्होल्टेज दोघांचं सेमच, दीड, त्यामुळे बारीक सेल "कमी पॉवरचा" असतो हे काही खरं नाही, फक्त आत मसाला कमी मावतो म्हणून लवकर संपतो, अल्कलाइन असेल तर जाड्यात साधारण २५०० एमएएच (सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप) आणि बारक्यात हजार-बाराशे. मी एकदा घड्याळात बारीक सेल टाकून स्प्रिंगपाशी चॉकलेटच्या चांदीचा बोळा कोंबला होता, चाललं पण! खेळण्यातल्या गाडीला मात्र जाडाच बरा, मोटर करंट जाम ओढते.