मध्ययुगीन युरोपचे दैनंदिन जीवन: दप्तरी इतिहास वाचावा की कथनात्मक?

मध्ययुगीन युरोपातील सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याविषयी एकच पुस्तक वाचायचे असेल, तर निवड बहुधा दोन प्रकारांत करावी लागते. एक प्रकार दप्तरांच्या आधारे लिहिलेला, कोष्टके आणि तळटीपांनी भरलेला आणि वाचताना उघडउघड रुक्ष वाटणारा असतो. दुसरा प्रकार एखादे गाव किंवा कुटुंब मध्यभागी ठेवून ओघवत्या भाषेत सारे सांगत जातो.

कथनात्मक पुस्तकात माणसे बोलतात, हे त्याचे मोठे बळ आहे. दक्षिण फ्रान्समधील पामिए येथील बिशप जाक फुर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या चौकशीसाठी जबान्या नोंदवून घेतल्या. मोंतायू या डोंगरी गावातील मेंढपाळांचे आयुष्य, शेजाऱ्यांची वैरे, इतकेच काय, एकमेकांच्या उवा काढताना चाललेल्या गप्पाही त्यांमुळे आपल्यापर्यंत पोहोचल्या. परंतु असे साधन विरळ असते. ते नसेल तेव्हा लेखक बाराव्या शतकातले घर, चौदाव्यातले जेवण आणि पंधराव्यातला पोशाख एकत्र करून ‘शेतकऱ्याचा एक दिवस’ रंगवतो, आणि हे सांधे वाचकाला दिसत नाहीत. त्या काळी पाणी कोणी पीतच नसे, हा समजही अशाच पुस्तकांतून फिरत राहतो. वास्तविक लंडनमध्ये तेराव्या शतकातच नळाने पिण्याचे पाणी आणण्याची व्यवस्था उभी राहिली होती.

दप्तरी इतिहासात असा रंग सापडणार नाही. इंग्लंडमधील विंचेस्टरच्या बिशपच्या जहागिरीचे हिशेब १२०८-०९ पासून उपलब्ध आहेत, आणि त्यांवर आधारलेली प्रकरणे पेरणी, उतारा, वेठ व दंड यांच्या आकड्यांनी भरलेली असतात. मात्र पेरलेल्या गव्हाच्या साधारण तीन-चार पटच पीक हाती येई आणि त्यातूनच पुढचे बियाणे व चर्चचा दशमांश वजा होई, हे एकदा लक्षात आले की १३१५ पासूनच्या सततच्या पावसाने उत्तर युरोपात एवढा मोठा दुष्काळ का पडला, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कंटाळवाण्या पुनरुक्तीचाही येथे उपयोग होतो. जहागिरीच्या न्यायसभांच्या नोंदींत बिअर गाळणाऱ्या स्त्रियांना नियमभंगाबद्दल दंड झाल्याचे वारंवार आढळते. कथाकार यातून एका बिचाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेचा प्रसंग उभा करील. परंतु वर्षानुवर्षे त्याच स्त्रिया तेवढीच किरकोळ रक्कम भरताना दिसल्या की हा दंड व्यवहारात परवाना शुल्कासारखाच होता, हे उमगते. तसेच कूळ मेल्यावर त्याचे उत्तम जनावर मालकाला देण्याची प्रथा होती. एरवी तुरळक असलेल्या या नोंदींची प्लेगच्या साथीत, १३४९ मध्ये, रीघ लागते, आणि प्लेगच्या वर्णनाची पाने वाचून होणार नाही एवढा परिणाम ती यादी करते. (निदान माझ्यावर तरी केला.)

अर्थात या दप्तरांत जग मालकाच्या नजरेतून दिसते. भूमिहीन मजूर, मुले आणि बहुतेक स्त्रिया दंड, देणे किंवा अपघाती मृत्यू यांच्या निमित्तानेच नोंदींत येतात. त्यांचे भय, श्रद्धा किंवा थट्टा तेथे शोधून उपयोग नाही. त्यासाठी कथनात्मक पुस्तकाकडेच जावे लागेल.

म्हणून या काळाची काहीच ओळख नसलेल्याने, किंवा ज्याला झोपण्यापूर्वी दहा-पंधरा पानेच वाचायची आहेत त्याने, कथनात्मक पुस्तक घ्यावे; मात्र प्रत्येक तपशील कोणत्या शतकातला आणि कोणत्या प्रदेशातला, हे सांगणारेच निवडावे. ज्याला लोक काय खात, किती राबत आणि कोणाचे देणे लागत, असे नेमके प्रश्न पडले आहेत, त्याने बेलाशक रुक्ष पुस्तक घ्यावे, पण ते पहिल्या पानापासून वाचण्याचा हट्ट धरू नये. जमीनधारणेच्या प्रकारांवरील प्रकरण बहुधा सुरुवातीलाच असते आणि पुष्कळ वाचक तेथेच अडकतात. आधी अन्न, मजुरी आणि न्यायसभा यांवरची प्रकरणे वाचावीत. भूदास (मालकाच्या जमिनीला बांधलेला शेतकरी) आणि स्वतंत्र कूळ यांतील फरक नडू लागला, की त्या प्रकरणाकडे परत यावे.