महापौर कसा निवडायचा: इटलीचा एकच नियम की इंग्लंडची शहरागणिक निवड?

इटलीने १९९३ च्या कायद्याने वादच मिटवला. विशेष दर्जाच्या प्रदेशांतले थोडे फरक सोडले, तर सगळीकडे महापौर थेट मतदार निवडतात. १५,००० हून जास्त वस्ती असेल आणि कुणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान. विजेत्याच्या आघाडीला साधारण ६० टक्के जागा मिळत असल्याने अर्थसंकल्प सहसा अडत नाही. खरी मेख अविश्वास ठरावात आहे. तो मंजूर झाला की महापौराबरोबर नगर परिषदही बरखास्त! त्यामुळे नगरसेवक सह्या करण्याआधी दहादा विचार करतात.

इंग्लंडने २००० च्या कायद्याने थेट निवडलेला महापौर हवा की नको, ही निवड शहरांवर सोपवली. ५ टक्के मतदारांनी सह्या केल्या की सार्वमत घ्यावेच लागेल, अशी तरतूद त्यात केली. मे २०१२ मध्ये सरकारने दहा शहरांत ते घ्यायला लावले, तेव्हा नव्याने होकार दिला फक्त ब्रिस्टलने. त्याच ब्रिस्टलने २०२२ च्या सार्वमतात हे पद मोडीत काढले आणि २०२४ पासून समित्यांचा कारभार आणला.

पण स्थानिक निवड म्हणजे नेमकी कुणाची? लिव्हरपूलमध्ये २०१२ साली सार्वमत न घेता नगरसेवकांनीच ठराव करून हे पद आणले. शिवाय इंग्लंडमध्ये अशा महापौराचा अर्थसंकल्प बदलायला नगरसेवकांची दोन तृतीयांश मते लागतात. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे जास्त नगरसेवक पाठीशी असले तरी त्याचे भागते. इटलीत मतदारांनी दिलेले बहुमत इथे नियमाच्या आडून मिळते, आणि ते आम्हाला खटकते.