ओझोन की अ‍ॅनालॉग रॅक? खंजिरी भजनाच्या मास्टरिंगसाठी दोन्हींची पारख

गावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत भजनी मंडळांचे अल्बम किंवा झाडीपट्टी नाटकांची गाणी मास्टर करणाऱ्याने, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्याचा तोल आणि लेव्हल शेवटी पक्की करणाऱ्याने, पैसे कुठे घालावेत? आमचं उत्तर सरळ आहे: आयझोटोपचं ओझोन हे मास्टरिंगचं सॉफ्टवेअर घ्या, रॅकच्या, म्हणजे चौकटीत रचलेल्या खऱ्या कम्प्रेसर-ईक्यू यंत्रांच्या, नादी लागू नका. अ‍ॅनालॉगचा आवाज कमी पडतो असं नाही, काही बाबतीत तो सरसच आहे. पण गावची वीज, कापसाच्या हंगामातली धूळ आणि मंडळाच्या न संपणाऱ्या दुरुस्त्या यांच्यापुढे रॅक टिकत नाही.

ओझोन एलिमेंट्स, स्टँडर्ड आणि अ‍ॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्यांत मिळतं. एलिमेंट्समध्ये मास्टर असिस्टंट, म्हणजे गाणं ऐकून आपणहून सेटिंग सुचवणारा मदतनीस, असतो, पण आत शिरून बदल करायला वाव कमी. शिकायला ठीक, कामाला अपुरं. बहुतेकांचं काम स्टँडर्डमध्ये भागतं. सेलमध्ये किंमत बरीच उतरते, थांबायची तयारी असेल तर तेव्हाच घ्यावं. बसवायला आणि ऑथराइज करायला इंटरनेट लागतं, ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही होतं.

मिक्स 24 बिट वेव्हमध्ये काढा, मास्टरवर लिमिटर (ठरलेल्या लेव्हलच्या वर आवाज जाऊ न देणारा) नको, सगळ्यात उंच पीक -6 डेसिबलच्या आसपास राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एमपी3 मास्टर करून देण्याच्या भानगडीत पडू नका. असिस्टंट गाण्याचा एक तुकडा ऐकून सेटिंग ठरवतो, त्यामुळे कोणता तुकडा ऐकवता यावर सगळं अवलंबून असतं. सुरुवातीचा आलाप ऐकवला तर तो हळू आवाजाचा हिशेब धरून लेव्हल चढवतो आणि पुढे झील धरणारे (मागे साथ गाणारे) सगळे तुटून पडले की गाणं फाटतं. सगळ्यात जोरकस झील लूप करून तीच ऐकवा.

दुसरी अडचण टार्गेटची, म्हणजे असिस्टंट ज्या नमुन्याकडे गाणं नेतो त्याची. तयार टार्गेट पाश्चात्त्य गाण्यांच्या प्रकारांवर बेतलेली आहेत, खंजिरी भजन त्यात कुठून असणार? भजनात किक नाही, बेस गिटार नाही. म्हणून असिस्टंटला खालची बाजू रिकामी दिसते आणि तो ती उचलतो. उचलली जाते ती पंख्याची घरघर. हार्मोनियम 300 ते 600 हर्ट्झमध्ये दाट असतो, तो त्याला गढूळ वाटतो आणि कापला जातो. मग बुवांच्या सुराला आधारच उरत नाही. उपाय असा: चांगल्या रेकॉर्ड झालेल्या भजनाची वेव्ह फाइल रेफरन्स म्हणून देऊन स्वतःचं टार्गेट बनवा आणि असिस्टंटने सुचवलेला ईक्यू (सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणं) निम्म्यावर आणा. 35 ते 40 हर्ट्झखालचं कापणारा हायपास लावा. खोलीचा घुमा असेल तर 250 ते 350 हर्ट्झमध्ये एक-दोन डेसिबल काढा, जास्त नको.

इमेजरचा, म्हणजे डावी-उजवी रुंदी वाढवणाऱ्या भागाचा, मोह आवरा. गाणं शेवटी देवळाच्या भोंग्यावर नाहीतर एका ब्लूटूथ स्पीकरवर वाजणार, म्हणजे मोनोत. रुंदी वाढवून मोनोचं बटण दाबल्यावर हार्मोनियम मागे सरकला तर रुंदी काढून टाका. 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यावरच ठेवा.

खरी कसोटी खंजिरीची. थाप आणि चकत्यांचा छणका काही मिलिसेकंदांत उसळून खाली येतो. मीटरवर तो गायकाच्या कितीतरी वर दिसतो, कानाला मात्र तेवढा मोठा लागत नाही. मॅक्सिमायझर, म्हणजे ओझोनमधला लिमिटर, चालतो मीटरवर. प्रत्येक थापेला तो अख्खं गाणं दाबतो आणि गायकाचा आवाज दर मात्रेला आत-बाहेर होतो. ऐकणारा म्हणतो, ‘आवाज हलतोय,’ आणि करणारा उगाच कम्प्रेसरशी झटत बसतो. दोष मास्टरिंगच्या आधीचा असतो. खंजिरीचा ट्रॅक वेगळा असेल तर मिक्समध्ये परतून फक्त तिच्यावर क्लिपर (उसळीचं टोक थेट छाटणारा प्लगइन) लावा आणि वरचे 3 डेसिबल छाटा. कानाला फरक कळत नाही, लिमिटर मात्र निवांत होतो. सगळं एकाच माइकवर रेकॉर्ड केलं असेल तर लिमिटरच्या आधी पूर्ण मिक्सवर एक ते दीड डेसिबल क्लिप करा, ओव्हरसॅम्पलिंग 4 पट ठेवून. नाहीतर वरच्या पट्टीत काचेसारखी किरकिर येते. क्लिपर नसेल तर लेव्हलची हाव सोडा. मॅक्सिमायझरचं सीलिंग -1 डेसिबल, ट्रू पीक चालू, आणि त्याला 3 डेसिबलपेक्षा जास्त दाबू देऊ नका.

लेव्हल किती? भजनाला -14 ते -12 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पुरे. यूट्यूब आणि स्पॉटिफाय गाणं साधारण -14 वर आणतात. वरातीच्या डीजे गाण्यासारखं भजन -8 ला नेलं तर तिकडे ते 6 डेसिबल खाली येणारच, आणि ढोलकीच्या धुमाचा गेलेला जीव काही परत येत नाही. मोजायला युलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती चालते.

मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला की लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतो आणि ओझोन वाजवताना टकटक येते. ऑडिओ सेटिंगमधला बफर 1024 करा. तरी टकटक राहिली तर घाबरू नका, ऑफलाइन रेंडर केलेली फाइल बहुधा स्वच्छ निघते. ती एकदा सलग ऐका म्हणजे झालं.

आता रॅक. चांगल्या अ‍ॅनालॉग साखळीत वॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आणि ट्रान्सफॉर्मर उसळीच्या टोकांना हलकेच गोल करतात. खंजिरीसाठी जे काम आपण क्लिपरने जपून करतो, ते तिथे आवाज यंत्रांतून जाताना आपोआप घडतं, आणि कानाला जास्त गोड लागतं. हे मान्य केलंच पाहिजे. एसएसएल पद्धतीचा बस कम्प्रेसर (पूर्ण मिक्सवर लावायचा) 2:1, अटॅक 30 मिलिसेकंद, रिलीज ऑटो ठेवून दोन डेसिबल दाबला की झील आणि वाद्यं एका जागी बसतात. त्यात साइडचेन हायपास (खालचे सूर कम्प्रेसरला न ऐकवणारी सोय) हवाच, नाहीतर ढोलकीचा धुम सगळ्यांना खाली ओढतो.

पण हे नागपूरच्या वातानुकूलित स्टुडिओत. गावात कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, बंद झाले की उसळतं. सर्वो स्टॅबिलायझर लागतो, शिवाय शुद्ध साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस, कारण साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात. अर्थिंग नीट नसेल तर 50, 100, 150 हर्ट्झची गुंज रेकॉर्डमध्ये उतरते. तपासायचं सोपं: सगळं जोडून दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रममध्ये त्या तीन जागा बघा. गुंज घालवायला अर्थची पिन तोडणारे आहेत. तसं करू नका, जिवावर बेतेल. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा आणि बॅलन्स्ड केबल वापरा.

ऑडिओ इंटरफेसही, म्हणजे लॅपटॉपमध्ये आवाज घेणारं-काढणारं यंत्रही, बदलावं लागतं. दोन आउटपुटचा असेल तर स्पीकर लावल्यावर रॅकला काही उरत नाही. किमान चार हवेत. इंटरफेसमधल्या स्वस्त कन्व्हर्टरमधून (डिजिटलचं अ‍ॅनालॉग आणि उलट करणारा भाग) बाहेर जाऊन परत येताना जे हरवतं, ते स्वस्त कम्प्रेसर भरून देत नाही. मधे काहीही न जोडता आउटपुटची केबल थेट इनपुटला लावून गाणं फिरवून बघा, मूळ फाइलशी तुलना करा आणि मगच खरेदीचं ठरवा. वॉल्व्हची यंत्रं अर्धा तास तापल्याशिवाय स्थिरावत नाहीत, तेवढ्यात लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. कापसाचे तंतू पॉटमध्ये (फिरवायच्या बटणाच्या आतल्या भागात) गेले की खरखर सुरू, आणि स्टेप नसलेला पॉट डावी-उजवी बाजू कधी सारखी ठेवत नाही.

सगळ्यात मोठी गोची दुरुस्तीची. ‘तिसऱ्या भजनात हार्मोनियम थोडा खाली घ्या’ असा निरोप पंधरा दिवसांनी येतो. ओझोनमध्ये प्रोजेक्ट उघडा, बदला, रेंडर करा. रॅकवर प्रत्येक बटण कागदावरच्या नोंदीप्रमाणे पुन्हा लावा आणि गाणं आहे तेवढा वेळ वाजवून रेकॉर्ड करा. आठ भजनांना चाळीस मिनिटं, तीही वीज असेल तर.

रॅकचे वाचलेले पैसे खोलीत घाला. बारा फुटांच्या लांबीला 47 हर्ट्झला आणि दहा फुटांच्या रुंदीला 56 हर्ट्झला घुमा येतो. तो आटोक्यात नसेल तर ओझोन काय आणि वॉल्व्ह काय, धुम चुकीचाच ठरणार. कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड पॅनल उभे करा. नुसत्या कापसाच्या गाद्या वरचा झणत्कार मारतात, खालच्या घुम्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही.

एखाद्या अल्बमला तो वॉल्व्हचा गोडवा हवाच असेल तर मिक्स पक्कं झाल्यावर बाहेरच्या अ‍ॅनालॉग स्टुडिओत एकदा फिरवून आणा. 24 बिट वेव्ह पाठवा, लिमिटर न लावता. सोबत स्वतःचं ओझोनमधलं मास्टर ऐकण्यापुरतं द्या, म्हणजे काय हवंय ते त्यांना कळेल. दर गाण्यामागे किती, दुरुस्तीचे वेगळे किती, हे आधीच लिहून घ्या. आणि लिमिटरच्या आधीची फाइलही मागून ठेवा, पेन ड्राइव्हची आणि यूट्यूबची लेव्हल मग घरीच वेगवेगळी लावता येते.