कोल्हापूरच्या चप्पल लाईनला बेसबॉलचा ग्लोव्ह शिवून घेतला (५ पैकी ४)

ग्लोव्हची वादी तुटून दीड महिना झालेला. स्पोर्ट्सवाल्यांकडं गेलं की क्रिकेटचा कीपिंग ग्लोव्ह पुढं करतात, म्हणून शेवटी चप्पल लाईनच्या एका मामांकडं गेलो, बोर्ड वगैरे काय नाय, दारातच आरी घेऊन बसलेले.

उलटापालटा करून म्हणाले, "खळगा खोल करतो, बॉल सुटायचा न्हाई." म्हटलं मामा नको, मी सेकंड बेसला (दुसऱ्या बेसजवळ फिल्डिंगला) असतो, तिथं बॉल आत रुतला की डबल प्ले (एकाच बॉलवर दोघं आऊट) गेला, उथळच पायजे, हात घातला की बॉल बोटात. आणि मग काय, माझा हिरो रेड शेनडीन्स्ट सुरूच झाला. अमेरिकेतल्या सेंट लुईस कार्डिनल्स टीमचा सेकंड बेसमन, पोरवयात खिळा उडून डावा डोळा अधू झालेला, उजव्या हातानं बॅटिंगला उभारलं की बॉलरकडं तोच डोळा यायचा म्हणून गडी डावीकडनं पण मारायला शिकला, १९५० च्या ऑल-स्टारला (निवडक खेळाडूंची मॅच) १४ व्या इनिंगला होमरन मारून मॅच काढली, १९५७ ला मिलवॉकीकडनं वर्ल्ड सिरीज (तिथल्या लीगची फायनल) जिंकली आणि पुढच्या वर्षी निघाला टीबी. १९५९ ला फुप्फुसाचा तुकडा काढला तरी परत मैदानात! नंतर १९६५ ते १९७६ कार्डिनल्सचाच मॅनेजर, १९६७ ला वर्ल्ड सिरीज, १९६८ ला सातव्या मॅचला डेट्रॉइटकडनं हरला. मॅनेजर म्हणजे हॉटेल बुक करणारा नव्हे, टीमचाच ड्रेस घालून डगआऊटमध्ये (टीमची बसायची जागा) बसतो. मामा म्हणाले, "म्हंजे वस्ताद की!" एका शब्दात विषय कट.

आता काम. वादी चप्पलच्याच कातड्याची, नायलॉन नाही. पाऊण तास लागला, २५० रुपये. जाळी अशी घट्ट ओढलीय की ग्राउंडर (जमिनीवरनं येणारा बॉल) आला की टप्प असा आवाज येतो, लय भारी. एक स्टार कापला तो गाठीचा, करंगळीखाली आतल्या बाजूला मारलेली, दहा कॅचमध्ये फोड आला. परत नेल्यावर कुरकुर न करता बाहेरनं बांधून दिली, पैसे घेतले नाहीत, पण तेल इतकं चोपडलं की ग्लोव्ह दोन दिवस उन्हात नाही, पंख्याखाली ठेवावा लागला (उन्हात कातडं कडक होतं, ठेवू नका).

दुपारी जावा, सकाळी गर्दी असते. आणि खळगा कसला पायजे ते आधीच सांगा.