स्टार्टर 'जळाला' म्हणून काढून नेला, दोष मात्र अर्थच्या बोल्टात होता

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात महिना-दोन महिने उभे असलेले जुने ट्रॅक्टर कपाशीच्या मशागतीसाठी बाहेर निघतात. चावी फिरवली की नुसतं 'टक' वाजतं, इंजिन हलत नाही. जूनची पेरणी तोंडावर असल्याने शेतकऱ्याला घाई असते, आणि काही कारागीर नेमकी ही घाईच विकून खातात.

चोपडा भागात एका पस्तीस एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरवर हाच प्रकार झाला. कारागिराने स्क्रूड्रायव्हर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) दोन जाड बोल्टांवर क्षणभर टेकवला आणि लगेच उचलला. ठिणगी उडाली. "दादा, स्टार्टर जयी गया," म्हणत त्याने स्टार्टर, म्हणजे इंजिनला पहिला फिरका देणारी मोटर, खोलला, चार्जिंगच्या नावाखाली बॅटरीही नेली. मीटर पेटीतून निघालाच नाही. यात खोच अशी, की क्षणभर टेकवलं तर ठिणगी चांगल्या स्टार्टरवरही उडते. स्क्रूड्रायव्हर एक-दोन सेकंद दाबून धरला असता तर मोटर घरघर फिरली असती आणि ती जिवंत आहे हे मालकालाही कळलं असतं. (हे स्वतः करायचं तर गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि उभं राहायचं बाजूला. चाकाच्या पुढे-मागे उभं राहून स्टार्टर जोडताना माणसं ट्रॅक्टरखाली गेली आहेत.)

स्टार्टर चंदेरी रंग मारून परत आला. बिलात आर्मेचर (आतला फिरणारा गाभा), फील्ड कॉइल (भोवतीची स्थिर गुंडाळी), ब्रश (घासून करंट देणारे तुकडे), बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही), सोलेनॉइड, सगळं 'नवीन'. ट्रॅक्टर फटकन सुरूही झाला, पण पंधरवड्यात पुन्हा 'टक'. दुसऱ्या मिस्त्रीने अर्थची पट्टी (बॅटरीचा मायनस ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणारी) सोडली, तर तिच्याखाली गंज आणि जुन्या रंगाचा थर. मधले दिवस चाललं ते एवढ्याचमुळे, की बॅटरी फुल्ल चार्ज होऊन आली होती आणि फिटिंग करताना बोल्ट फिरल्याने गंज थोडा खरवडला गेला होता. स्टार्टर उघडला तर ब्रश झिजून आखूड झालेले, कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या तांब्याच्या भागावर) नुसता पॉलिशपेपर फिरवलेला, आणि स्टार्टरच्या नावाच्या पट्टीवरचा नंबर वेगळाच. म्हणजे मूळचा स्टार्टरही गेला.

एवढा छोटा गंज एवढा का नडतो? इंजिन फिरवताना स्टार्टर सहज 250 अँपिअर ओढतो. अर्थच्या जोडात 0.01 ओहमचा अडथळा आला की तिथेच अडीच व्होल्ट खाल्ले जातात. भाराखाली बॅटरी साडेदहा देत असली तरी स्टार्टरला आठच मिळतात. हेडलाइट मात्र झकास लागतो, कारण त्याला लागतात जेमतेम चार-पाच अँपिअर. म्हणून "लाइट लागतोय म्हणजे बॅटरी-केबल ठीक, स्टार्टरच गेला" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मीटर घरात ठेवा. ट्रॅक्टर दोन-तीन तास बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवायला हवी. 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज, बाकी सगळं नंतर. ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने सहाही खाने बघा. भरलेल्या बॅटरीत 1.250 ते 1.280 येतं. एकच खाना बाकीच्यांपेक्षा 0.050 ने मागे असेल तर तो गेला, मग चार्जिंगचे पैसे फुकट. इकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत पाणी भराभर उडतं. ते डिस्टिल्ड पाण्यानेच भरायचं. वरून ॲसिड ओतून 'पॉवर वाढवतो' म्हणणारा बॅटरी मारतो.

मग स्टॉपचा दांडा ओढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि कोणाला तरी चार-पाच सेकंद चावी मारायला सांगा. मीटरच्या पिना क्लॅम्पवर लावू नका, थेट शिशाच्या खुंट्यांवर धरा. व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळलं तर बॅटरी कमजोर किंवा स्टार्टर आतून घासतोय. बारा-साडेबारावरच राहिलं आणि नुसतं 'टक' झालं, तर करंट पुढे जातच नाही. जोड, सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा ब्रश बघायचे. आता एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी स्टार्टरच्या उघड्या लोखंडावर, आणि पुन्हा चावी. 0.3 च्या वर आकडा आला तर चोर अर्थमध्ये. तसंच प्लस खुंटी ते स्टार्टरचा जाड बोल्ट, इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

अर्थचा जोड पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून व्हॅसलिन लावा. केबल 35 ते 50 चौरस मिलिमीटरची हवी. फिटिंगच्या सामानात मिळणारी बारीक वायर दोन पदरी करून भागत नाही.

'टक'सुद्धा होत नसेल तर बऱ्याच मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांत हाय-लो गिअरचा दांडा न्यूट्रलला नसला की सेफ्टी स्विच करंटच सोडत नाही. त्या स्विचची वायर निघाली तरी तेच. उलट, इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर तिथे इलेक्ट्रिशियनचं कामच नाही. डिझेलमध्ये हवा असेल. भर मे महिन्यात हिटर प्लग (थंडीत इंजिन पेटायला मदत करणारा) बदलायचा सल्ला ऐकला तर हसून चहा पाजा आणि वाटेला लावा.

चार्जिंग होत नाही म्हटलं की डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचा आग्रह होतो. आधी बेल्टचा ताण, डायनॅमोचे ब्रश आणि कटआउट (बॅटरीचा करंट डायनॅमोत उलटा जाऊ न देणारा स्विच) तपासून घ्या. चालू इंजिनवर बॅटरीला 13.8 ते 14.4 मिळत असेल तर डायनॅमोला हात लावू देऊ नका.

स्टार्टर खरंच पाठवावा लागला तर आधी पट्टीवरच्या नंबराचा फोटो काढा आणि बॉडीवर, दोन्ही झाकणांवर पंचने खूण करा. आर्मेचर बाहेर आल्यावर त्याच्या शाफ्टवरही करून घ्या, कारण अदलाबदल आतल्या तांब्याची होते. बुश झिजून आर्मेचर फील्डच्या लोखंडाला घासत असेल तर त्यावर चकाकते ओरखडे दिसतात. ते दाखवायला सांगा. ओरखडे नसतील आणि कॉइलचं इन्सुलेशन काळं पडलेलं नसेल, तर 'जळाला' कशावरून?

बिल जीएसटी नंबरासह, भागवार घ्या. फसवणूक झालीच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. कच्च्या चिठ्ठीवर तिथे फारसं काही सिद्ध होत नाही. आणि बदललेले ब्रश, बुश, आर्मेचर, सोलेनॉइड पिशवीत भरून घरी आणा. दुकानदार जुना माल द्यायला कुरकुरला तर बहुतेक वेळा तो बदललेलाच नसतो.